समोरचे हसत नाहीत तेव्हा : नवोदित स्टँडअप कलाकारांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी फार थोड्या पत्रांत विनोद कसा लिहावा हे विचारलेले आहे. लिहिलेला विनोद समोरच्या माणसांपर्यंत का पोहोचत नाही आणि मध्येच बोलणाऱ्या माणसांचे काय करावे, हीच बहुतेकांची तक्रार आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो आणि फोर्टमधील एका विमा कंपनीत नोकरी करतो. काही महिन्यांपासून अंधेरी आणि खार भागातील ओपन माइकमध्ये (कोणालाही पाळीपाळीने काही मिनिटे सादर करू देणाऱ्या कार्यक्रमांत) मराठीतून, अधूनमधून हिंदीतून सादरीकरण करतो. ज्या किश्श्यांवर कार्यालयातील सहकारी पोट धरून हसतात, त्याच किश्श्यांवर तेथे शांतता पसरते. मग माझा वेग वाढतो, आवाज चढतो आणि पाच मिनिटांचा सेट साडेतीन मिनिटांत संपतो. प्रेक्षकांना ताब्यात कसे घ्यावे?

उत्तर : सर्वप्रथम समोर कोण बसले आहे ते पाहावे. आठवड्याच्या मधल्या दिवशी होणाऱ्या ओपन माइकमध्ये खुर्च्यांवरची बरीचशी मंडळी स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे विनोदकारच असतात. तुम्ही बोलत असताना ते फोनमध्ये पाहून आपल्या ओळी घोकत असतात, आणि तुमचा तो किस्सा त्यांनी गेल्या आठवड्यात दुसऱ्या कॅफेत ऐकलेलाही असतो. अशा श्रोत्यांची शांतता हा तुमच्या विनोदावरचा निकाल मानू नये. बाहेरची जी चार-सहा माणसे आलेली असतील, ती कुठे बसली आहेत हे पाळी येण्यापूर्वी हेरून ठेवावे आणि बोलणे त्यांच्याकडे वळवावे. (जाता जाता : आपला सेट संपताच बॅग उचलून निघणारे विनोदकार पुढच्यांचा प्रेक्षकवर्गच कमी करत असतात. शेवटची लोकल गाठायची असेल तर गोष्ट वेगळी. पण तसे होस्टला आधी सांगून लवकरची पाळी मागून घ्यावी.)

कार्यालयातील हशाचे कारणही समजून घेतले पाहिजे. हास्याचा अभ्यास करणारे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले होते की, माणसे एकटी असताना जेवढी हसतात त्याच्या सुमारे ३० पट अधिक चारचौघांत हसतात, आणि गप्पांमधले बहुतेक हसणे विनोदावर नसून अगदी साध्या वाक्यांवर आलेले असते. तुमचे सहकारी तुम्हाला ओळखतात, तुमच्या किश्श्यातल्या साहेबांना ओळखतात, साहेब फाइल परत पाठवताना चष्मा कसा कपाळावर चढवतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते; त्यामुळे तुम्ही नुसता चष्मा चढवल्याचा हावभाव केला तरी त्यांना पुरतो. खारमधल्या श्रोत्याला यांतले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासाठी साहेब दोन वाक्यांत उभा करावा लागतो, आणि ती दोन वाक्ये कोणती हे ठरवण्यातच सेट लिहिण्याचे निम्मे काम असते.

आता ताब्यात घेण्याविषयी. माझ्या मते नवोदितांची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी की, समोरचे लोक आपल्याला पाडायला बसलेले आहेत. लंडनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ‘द कॉमेडी स्टोअर’ या क्लबात रटाळ विनोदकाराला घंटा बडवून खाली उतरवत असत. त्याच क्लबाची शाखा २०१० मध्ये लोअर परळला आली, पण ती घंटा आपल्याकडे रुजली नाही, आणि आपल्या प्रेक्षकांचा स्वभाव पाहता ती रुजण्यासारखीही नव्हती. आपल्याकडचा प्रेक्षक भिडस्त असतो. अनोळखी मुलगा माइकसमोर येऊन उभा राहिला की, याची फजिती तर होणार नाही ना, ही धाकधूक त्याच्यापेक्षा पहिल्या रांगेतल्यांनाच अधिक असते. ती धाकधूक आहे तोवर हसू फुटत नाही. तुमचा वेग वाढला आणि आवाज चढला की त्यांना वाटणारी भीती खरी ठरते, आणि मग ते तुमच्याकडे पाहण्याऐवजी पाण्याच्या ग्लासकडे पाहू लागतात. त्यांना तुमच्या काळजीतून मोकळे करणे हे पहिल्या अर्ध्या मिनिटाचे काम आहे. विनोदाची पाळी त्यानंतरची.

हे काम बरेचसे शरीराने होते. माइक स्टँडवरून काढायचा असेल तर शांतपणे काढावा आणि स्टँड उचलून मागे ठेवावा. तो पुढ्यातच राहिला तर तुमच्या आणि लोकांच्या मध्ये एक दांडा उभा राहतो, आणि नवखा माणूस बोलता बोलता त्यालाच धरून ठेवतो. माइकची जाळी मुठीत धरू नये, आवाज घुसमटतो आणि कर्कश शिट्टीही वाजू शकते. दिवे डोळ्यांवर असल्यामुळे चेहरे दिसणार नाहीत, तरीही नजर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या उंचीवर ठेवावी, आणि दिसत नाही ते कानांनी टिपावे : खुर्च्यांची कुरकुर, खोकला, बारच्या बाजूची कुजबुज. पहिला विनोद छोटा असावा, पंधरा-वीस सेकंदांत पंचपर्यंत, म्हणजे हसवणाऱ्या ओळीपर्यंत, पोहोचणारा, आणि शक्यतो लोकांना जे डोळ्यांसमोर दिसते आहे त्याविषयीचा. तुमची उंची, तुमचा कार्यालयातून थेट आल्याचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात राहून गेलेले ओळखपत्र, असे काहीही. त्या जागी काही घडले असेल, वेटरच्या हातून ग्लास फुटला असेल किंवा एसीचे पाणी ठिबकत असेल, तर त्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. सगळे जे पाहत आहेत ते तुम्हालाही दिसते आहे, एवढे कळले तरी लोक सैलावतात.

हशा आल्यानंतर काय करावे हेही शिकावे लागते. हशा चढतो, टिकतो आणि ओसरू लागतो. तो बराचसा ओसरला पण पूर्ण विरला नाही, त्या क्षणी पुढचे वाक्य उचलावे. घाबरलेला कलाकार चढत्या हशावरच बोलू लागतो. असे दोनदा झाले की पुढचे शब्द हुकू नयेत म्हणून लोक आपले हसू आवरते घेतात, आणि कलाकाराला वाटते की लोक थंड आहेत. पाचाचा सेट साडेतीन मिनिटांत संपतो त्यामागे हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या सेटचे नुसते ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये ऐकावे. आपण कोणकोणत्या हशावर पाय ठेवला ते कळेल.

आणि हशा आलाच नाही तर? ज्या लयीत बोलत होता त्याच लयीत पुढे जावे. विनोद समजावून सांगू नये. ‘आज पब्लिक थंड आहे’ असे तर कदापि म्हणू नये, कारण जो एक माणूस हसण्याच्या बेतात होता त्यालाही त्यामुळे गुन्हेगार ठरवल्यासारखे होते. पडलेल्या विनोदावर स्वतःचीच थट्टा करणारे एखादे वाक्य जवळ बाळगायला हरकत नाही. संपूर्ण सेटमध्ये ते एकदाच चालते, दुसऱ्यांदा वापरले की कीव येते. मिनिट उरल्याची खूण म्हणून मागून फोनची बॅटरी चमकली की आवरते घ्यावे. पडलेला सेट सावरण्यासाठी वेळ ओलांडणाऱ्याला पुढच्या वेळी स्पॉट, म्हणजे कार्यक्रमातली पाळी, मिळणे अवघड होते.

प्रश्न : मी चेंबूरची. दिवसा शाळेत शिकवते आणि शनिवार-रविवारी कॉमेडी करते. एका बारमधील कार्यक्रमात पुढच्या टेबलावरील मध्यमवयीन गृहस्थ प्रत्येक विनोदानंतर काहीतरी बोलत होते. आधी मी दुर्लक्ष केले. मग त्यांनी माझ्या कपड्यांवर शेरा मारला, तेव्हा मी भडकून त्यांना सुनावले. लोक एकदम गप्प झाले आणि उरलेला सेट पडला. पन्नास मुलांचा वर्ग मी सहज सांभाळते. मग एक माणूस मला का आवरता आला नाही?

उत्तर : वर्गात तुमचा अधिकार आधीच ठरलेला असतो आणि मुलांना उठून जाता येत नाही. बारमध्ये अधिकार लोकांकडून मिळवावा लागतो, आणि त्या रात्री बहुधा असे झाले असावे की त्या गृहस्थांचे बोलणे मागच्या टेबलांना ऐकूच गेले नाही. मागच्यांच्या दृष्टीने, हसतखेळत बोलणारी बाई अकारण एका माणसावर कडाडली. ते गप्प झाले ते तुमच्या विरोधात नव्हे. काय चालले आहे ते त्यांना उमगलेच नाही.

म्हणून पहिला नियम असा की, मध्ये बोलणाऱ्याचे शब्द माइकवरून जसेच्या तसे सर्वांना ऐकवावेत, स्वरात राग न आणता. ‘काकांचं म्हणणं आहे की...’ एवढे म्हटले की सगळी खोली त्या संभाषणात सामील होते. उत्तर सुचायला दोन-तीन सेकंदही मिळतात, आणि शेरा सर्वांसमोर आल्यावर तो किती पोकळ आहे हे त्याचे त्यालाच दिसते. पुष्कळदा येथेच विषय मिटतो. मिटला नाही, तर ‘परत सांगता का, मागे ऐकू गेलं नाही’ असे साधेपणाने विचारावे. टवाळीचे वाक्य दुसऱ्यांदा उच्चारायला फार थोडी माणसे धजतात. तिसऱ्यांदा तोच प्रकार झाला, तर तोवर आजूबाजूची टेबले वैतागलेली असतात, आणि मग तुम्ही कितीही धारदार बोललात तरी लोक तुमच्या बाजूने टाळ्या वाजवतात. प्रेक्षक वैतागण्याच्या आधी आपण वैतागलो, तर प्रेक्षक त्या माणसाची बाजू घेतात.

मराठीत आणखी एक सोय आहे. टोला कितीही जोरात हाणायचा असला तरी ‘अहो’ सोडू नये. ‘अहो काका, तुम्हाला घरी बोलू देत नाहीत म्हणून इथे येता का?’ यावर काकांच्या टेबलावरचेही हसतात. हेच अरे-तुरेवर आले की ते भांडण ठरते आणि वयाने मोठ्या माणसाचा अपमान झाला म्हणून लोक अवघडतात. पंचविशीतल्या पोराला ‘अहो’ म्हटले तर त्याची गंमत निराळीच.

मध्ये बोलणारा बहुतेक वेळा वैरी नसतो. आपण कार्यक्रमाला हातभार लावतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वाढदिवस साजरा करायला आलेल्या टोळक्याचेही तसेच. त्यांना अर्धे मिनिट देऊन, टाळ्या वाजवून घेऊन, मोकळे करावे. मग ते बहुधा गप्प बसतात. अशा प्रत्येक अडथळ्यानंतर परतायला एक हमखास चालणारा तुकडा राखून ठेवावा, कारण अर्ध्यावर तुटलेला नवा किस्सा पुन्हा जुळवणे अनुभवी माणसालाही कठीण जाते.

कपड्यांवरचा किंवा शरीरावरचा शेरा मात्र या हिशेबात धरू नये. त्याला विनोदी उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. तेथे थांबून होस्टला किंवा व्यवस्थापकाला माइकवरूनच सांगावे, आणि असा प्रसंग आल्यास त्या माणसाला बाहेर कोण काढणार हे कार्यक्रमापूर्वीच आयोजकांना विचारून घ्यावे. उत्तर देताना आयोजक घुटमळले तर तो स्पॉट सोडलेला बरा. स्त्रीची अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द किंवा केलेले हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, आणि समोर मंच आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही.

प्रश्न : आमच्या कांदिवलीच्या सोसायटीने मला गणेशोत्सवात वीस मिनिटे कॉमेडी करण्यास सांगितले आहे. मुलांची नृत्ये संपल्यावर आणि बक्षीस समारंभापूर्वी माझा कार्यक्रम ठेवला आहे. मी आजवर फक्त कॅफेत सादर केले आहे. काय तयारी करावी?

उत्तर : कॅफेत जे आयते मिळते त्यांतले येथे काहीही नसेल. कमी उंचीचे छत, अंधार आणि खेटून मांडलेल्या खुर्च्या यांमुळे हशा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सोसायटीच्या आवारात हशा वर आकाशात निघून जातो, डोक्यावर सगळ्या ट्यूबलाइट लख्ख पेटलेल्या असतात, आणि दिव्याखाली माणसे हसायला संकोचतात, कारण शेजारच्या विंगमधील वहिनी पाहत असतात. तेव्हा मंडपवाल्याला आधीच गाठून तुमच्या वेळेपुरते प्रेक्षकांवरचे दिवे बंद करून घ्यावेत, निदान मधली रांग तरी. मंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये मुलांच्या नाचासाठी मोकळी जागा सोडलेली असते. तेथे सतरंजी घालून मुलांना बसवावे किंवा खुर्च्या पुढे ओढून घ्याव्यात. आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला एको बंद करायला सांगण्यास विसरू नये. तो गाणाऱ्यांसाठी चढवून ठेवलेला असतो आणि त्यात प्रत्येक पंच तीन वेळा ऐकू येऊन एकदाही कळत नाही.

कार्यक्रमातील तुमची जागा बदलून मागावी. नृत्ये संपली की आया मुलांचे कपडे बदलायला वर जातात, आणि बक्षीस समारंभापूर्वी प्रत्येकाचे लक्ष स्वतःचे नाव कधी पुकारतात याकडे असते. शेवटच्या नृत्याच्या आधीची वेळ उत्तम, कारण त्या मुलांचे आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा कोठेही जाऊ शकत नाहीत. वीस मिनिटे कबूल केली असली तरी बारा मिनिटांचाच ऐवज पक्का करावा आणि त्याचा आठ मिनिटांचा अवतारही तयार ठेवावा. मध्यरात्रीपर्यंत सवलत असलेले मोजके दिवस वगळता रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि कार्यक्रम लांबला की कात्री प्रथम तुमच्यावरच चालते. पाहुण्यांच्या भाषणावर ती चालत नाही.

पहिल्या रांगेत सोफ्यावर प्रमुख पाहुणे असतील. ते हसण्यापूर्वी इतर हसतात का ते पाहतील, आणि इतर लोक पाहुण्यांकडे पाहतील. म्हणून सोफ्याकडे न पाहता चौथ्या-पाचव्या रांगेशी बोलावे. हसू बायकांच्या रांगांतून सुरू झाले की पुढे येते. लिहिताना प्रश्नार्थक वाक्ये काढून टाकावीत. कॅफेत ‘तुमच्याकडे लिफ्ट कधी बंद पडते का?’ असे विचारल्यावर लोक मान हलवतात. येथे वीस मुले एकसुरात ‘हो’ ओरडतील आणि एखादा लिफ्टमध्ये अडकल्याची पूर्ण हकीकत सांगू लागेल. ‘आपली लिफ्ट बंद पडते’ असे सरळ विधान करावे. पार्किंग, टँकरचे पाणी, गच्चीवरचे वाळवण, वर्षानुवर्षे ‘पुढच्या महिन्यात’ होणारा पुनर्विकास, असे विषय मुबलक आहेत. मात्र कोणाची थकबाकी किंवा कोणत्या दोन मजल्यांत अबोला आहे, त्याला हात लावण्यापूर्वी समितीतल्या एका जाणत्या व्यक्तीला सेट ऐकवावा. कार्यक्रमानंतर तुम्हाला त्याच इमारतीत राहायचे आहे.

प्रश्न : मी दादरला राहणारी महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. इन्स्टाग्रामवर प्रेक्षकांशी गप्पा मारत हसवणाऱ्यांचे क्राउड वर्कचे तुकडे पाहते. लिहिण्यापेक्षा हेच आधी शिकावे का?

उत्तर : आधी नको. असे तुकडे इतके दिसतात, त्याचे व्यावहारिक कारण आहे : लिहिलेला विनोद एकदा इंटरनेटवर टाकला की तिकीट काढून येणाऱ्याने तो ऐकलेला असतो, म्हणून कलाकार तो राखून ठेवतात आणि प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा टाकतात. शिवाय तुम्हाला दिसते ते एक मिनिट. काहीच न निघालेल्या गप्पा कापलेल्या असतात. ही हजरजबाबी आपल्याला नवीनही नाही. तमाशातला सोंगाड्या हेच करत आला, आणि दादा कोंडके वगनाट्याच्या प्रयोगांत ताज्या घडामोडींवर आयत्या वेळी शेरे मारत. पण त्यांच्या पायाखाली संहिता आणि पाठ असलेला वग होता. गाडी भरकटली तर परत यायला वाट होती. तुमच्यापाशी अजून ती वाट नाही.

सराव करायचाच असेल तर सेटमधल्या एकाच जागी, एकच प्रश्न विचारावा, आणि ज्याची उत्तरे मोजकीच असू शकतात असा. ‘कुठून आलात?’ याला मुंबईत विरार, बदलापूर, पनवेल, बोरिवली, परळ अशी दहा-बारा उत्तरे येतात. प्रत्येकासाठी एक ओळ घरीच लिहून ठेवावी. लोकांना ती सुचलेली वाटेल. एकट्या आलेल्या माणसाला, किंवा प्रश्न विचारताच ज्याने नजर खाली घातली त्याला, सोडून द्यावे. जोडप्याला ‘लग्न झालंय का?’ असे विचारण्याची पद्धत आता इतकी झाली आहे की उत्तर मागच्या रांगेलाही पाठ असते. आणि चित्रफीत इंटरनेटवर टाकणार असाल, तर ज्याच्याशी बोललात त्याला कार्यक्रम संपल्यावर दाराशी गाठून स्पष्ट विचारावे. रात्री टाळ्या वाजवणारा माणूस सकाळी आपला चेहरा कार्यालयातल्या ग्रुपवर फिरताना पाहून वेगळा विचार करू शकतो, आणि तो नको म्हणाला तर तो भाग कापावा.